खाते कोणाच्या नावावर?



सार्वजनिक कामाला माणसे लागतात, वेळ लागतो, धीर लागतो, पैसा लागतो. ही यादी सगळ्यांना पाठ असते. तिच्यात एक गोष्ट लिहायची बहुधा राहून जाते, ती म्हणजे बँकेचे खाते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात दारूविक्री बंद पाडायला वीस बाया एकत्र येतात. दुसऱ्या गावात सामूहिक वनहक्काचा दावा तयार करण्यासाठी चार तरुण रात्र रात्र नकाशे आणि जुने कागद घेऊन बसतात. तिसरीकडे दोन गावांतला शिवेचा जुना तंटा मिटवायला काही जाणती माणसे पायपीट करतात. अशा गटाला कुणी पन्नास हजार रुपये देऊ केले, तर धनादेश कोणाच्या नावाने काढायचा? गटाला नाव आहे, नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून पॅन नाही. पॅन नाही म्हणून खाते नाही. खाते नाही म्हणून पैसा एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात जातो, आणि तिथूनच कुजबुज सुरू होते.

या अडचणीवर एक जुना उपाय आहे. नोंदणी असलेली संस्था नोंदणी नसलेल्या गटाला आपल्या छताखाली घेते. निधी संस्थेच्या खात्यात येतो, काम गट करतो, हिशेब संस्था ठेवते आणि देणाऱ्याला जाबही संस्थाच देते. इंग्रजीत या व्यवस्थेला ‘फिस्कल स्पॉन्सरशिप’ म्हणतात. मराठीत तिला ‘आर्थिक पालकत्व’ म्हणता येईल. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात इतके भारदस्त नाव येत नाही. तिथे ‘अमक्या संस्थेच्या रजिस्ट्रेशनवर काम चालू आहे’ असे म्हणतात, आणि त्या मोठ्या संस्थेला ‘मातृसंस्था’.

या विषयाचे चार भाग पडतात. अशा छताची गरज का पडते? ते छत कसे चालते? ते कुठे गळते? आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांनी या छताबाहेर कोणती वाट काढली? चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : खाते कोणाच्या नावावर?

पहिला भाग गरजेचा.

‘मग नोंदणी करून टाका की!’ हा सल्ला शहरातून सहज दिला जातो. त्या सल्ल्याच्या पायऱ्या मोजून पाहाव्यात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसे, घटना आणि नियमावली लागते. महाराष्ट्रात त्याच संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. पुढे दरवर्षी लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलला की बदल अर्ज, ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. त्यानंतर प्राप्तिकराची पायरी येते. संस्थेला करमाफी हवी तर ‘बारा-ए’, देणगीदाराला सवलत हवी तर ‘ऐंशी-जी’. पूर्वी ही प्रमाणपत्रे एकदा मिळाली की सहसा कायम राहत. २०२१ पासून ती ठरावीक मुदतीची झाली आणि नूतनीकरणाची रांग सुरू झाली. परदेशी निधी घ्यायचा तर परकीय योगदान विनियमन कायदा, म्हणजे ‘एफसीआरए’. त्यासाठी संस्था तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या काळात तिने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे ‘सीएसआर’, २०१४ पासून सुरू झाला. पण तो राबवणाऱ्या संस्थेकडेही तीन वर्षांचा अनुभव, करविषयक नोंदण्या आणि कंपनी मंत्रालयाकडची स्वतंत्र नोंद मागितली जाते.

आता या पायऱ्या भामरागडहून चढायच्या आहेत. तिथून गडचिरोलीचे जिल्हा कार्यालय दीडशे किलोमीटरहून लांब. पर्लकोटेला पूर चढला की रस्ता बंद. एका सहीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडते. चार्टर्ड अकाउंटंट जिल्ह्याच्या गावी किंवा त्याहून पुढे नागपुरात. याचा अर्थ गावातली माणसे हिशेबाला कच्ची आहेत असा नाही. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकडो पुडे मोजून तेंदूपानांच्या संकलन फळीवर लावणारी बाई हिशेबाला कच्ची कशी असेल? तिला हिशेब येतो. हिशेबाचे फॉर्म येत नाहीत. दोन्हींत फरक आहे, आणि आर्थिक पालकत्वाची सारी उपयुक्तता त्या फरकात आहे.

गरजेचे आणखी एक कारण आहे आणि ते शांततेच्या व न्यायाच्या कामाला खास लागू पडते. हे काम पुष्कळदा हंगामी असते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी लागू झाली, ती अनेक वर्षांच्या लोकचळवळीनंतर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायांनी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला आणि पुढे १ एप्रिल २०१५ पासून तिथे दारूबंदी आली. २०२१ मध्ये राज्य सरकारने ती उठवली. चळवळ अशी उठते, वाढते, जिंकते, हरते, विसावते, पुन्हा उठते. कायद्यातला विश्वस्त न्यास मात्र कायमचा मानला जातो. तो जन्माला घालणे कठीण, आणि मोडणे त्याहून कठीण. दोन वर्षांच्या कामासाठी शंभर वर्षांचा न्यास कशाला काढायचा? त्यापेक्षा उसने छत बरे, हा विचार आळसाचा नाही, व्यवहाराचा आहे.

इथे गडचिरोलीची एक विशेष परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा तेव्हापासून सशस्त्र संघर्षाच्या सावलीत राहिला. अशा मुलखात पैशाचा उगम धूसर असला की गटाकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले जाते. पावती, व्हाउचर, लेखापरीक्षित ताळेबंद हे इतर ठिकाणी कारकुनी सोपस्कार असतील. इथे ते कार्यकर्त्याचे संरक्षण असते. पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे चारचौघांत सांगता येणे, ही इथली पहिली सुरक्षा आहे.

दुसरा भाग, छत कसे चालते याचा.

या व्यवस्थेची बांधेसूद मांडणी अमेरिकेत झाली. तिथल्या करकायद्यात धर्मादाय संस्थांना विशेष दर्जा आहे आणि तो नसलेल्या गटांना दर्जा असलेल्या संस्थेच्या आडोशाने देणगी घेता येते. ग्रेगरी कॉल्व्हिन या वकिलाने १९९३ मध्ये पुस्तक लिहून तिचे सहा प्रकार सांगितले. त्यांतले दोन मुख्य आहेत. पहिल्यात गट संस्थेच्या पोटातच राहतो : तो तिचा एक प्रकल्प, माणसे तिची नोकर, मालमत्ता तिची, जबाबदारीही तिची. दुसऱ्यात गट वेगळाच राहतो : संस्था निधी स्वीकारते, ठरलेल्या कामासाठी गटाला अनुदान म्हणून देते आणि त्यावर देखरेख ठेवते. दोन्ही प्रकारांत संस्था आपल्या कामाचा मोबदला घेते. तो बहुधा निधीच्या पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असतो. पोटातले घर आणि अंगणातले घर, असा हा भेद. पुढच्या सगळ्या विवेचनात तो उपयोगी पडेल.

पोटातल्या घराचे मोठे उदाहरण चंद्रपूर-गडचिरोलीतच आहे, जरी त्याला कुणी हे तांत्रिक नाव दिलेले नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. तिच्यातून आनंदवन उभे राहिले, मग मूल गावाजवळचे सोमनाथ. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तोही याच समितीचा प्रकल्प म्हणून. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी निघालेली संस्था आणि माडिया गोंडांसाठीचा दवाखाना यांचा कागदोपत्री संबंध काय? संबंध एवढाच की नवे काम जुन्या संस्थेच्या विश्वासावर उभे राहू शकत होते. हे काम हाती घेतलेल्या प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना जंगलात पोहोचल्यावर आधी नोंदणी, मग तीन वर्षांची प्रतीक्षा, मग पात्रता, असा क्रम पाळावा लागला नाही. १९७५ मध्ये स्विसएड या परदेशी संस्थेच्या मदतीने तिथे छोटे रुग्णालय उभे राहिले, १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. दोन-तीन वर्षांच्या कामाला एवढी पत एरवी कोण देतो? पत मातृसंस्थेची होती, घाम नव्या कामाचा होता.

दुसरे उदाहरण त्याहून जुने आणि आता बरेचसे विस्मरणात गेलेले. जंगलातल्या ठेकेदारांच्या तावडीतून आदिवासी मजुरांना सोडवण्यासाठी त्या वेळच्या मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा पट्टा, तोडायचे काम ठेकेदाराऐवजी मजुरांच्या संस्थेला मिळावे, ही कल्पना. पण मजुरांना पत्रव्यवहार, हिशेब, लिलावाच्या अटी कोण समजावणार? म्हणून अशा संस्थांच्या पाठीशी एखादी समाजसेवी संस्था पुरस्कर्ती म्हणून उभी राही. हे अंगणातले घर : मजुरांची संस्था वेगळी, तिचा आधार वेगळा. या प्रयोगाने एक गोष्ट शिकवली, ती आजही जुनी झालेली नाही. जिथे पुरस्कर्त्याने मजुरांतूनच हिशेबनीस घडवला तिथे संस्था मजुरांची होऊ शकते; जिथे वही पुरस्कर्त्याच्याच कपाटात राहते तिथे ठेकेदार गेला तरी मालक उरतोच.

तिसरा भाग, छत कुठे गळते याचा. गळती तीन ठिकाणी आहे : कायद्यात, सत्तेत आणि पैशाच्या रंगात.

कायद्याची गळती आधी पाहू. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, परकीय योगदानाचा पहिला कायदा झाला. २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्या कायद्यात एक दार उघडे होते. एफसीआरए नोंदणी असलेली संस्था तशाच दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला निधी देऊ शकत होती, आणि नोंदणी नसलेल्यांना देण्यासाठी सरकारच्या पूर्वपरवानगीची मर्यादित वाट होती. मुंबई-दिल्लीतली मोठी संस्था परदेशातून निधी घेई आणि दहा तालुक्यांतल्या दहा लहान संस्थांत वाटे. लहान संस्थांचा पुष्कळसा संसार यावर चाले. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने हे दार बंद झाले. आता परकीय निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या कुणालाही हस्तांतरित करता येत नाही, समोरची संस्था नोंदणीकृत असली तरीही. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि परकीय निधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत स्वीकारण्याची सक्ती केली. परदेशी पैशावर देशाचे लक्ष हवे, हा सरकारचा युक्तिवाद. लहानांचा श्वास कोंडला, हा संस्थांचा. वादाचा निकाल काही लागो, परिणाम स्पष्ट आहे. परकीय निधीपुरते अंगणातले घर संपले. उरले ते पोटातले घर. गटाला तो निधी हवा असेल तर त्याने मोठ्या संस्थेचा प्रकल्प व्हायचे, तिच्या पगारपत्रकावर यायचे, तिच्या नावाने काम करायचे.

देशी पैशाचे दार उघडे आहे, पण तेही पूर्वीइतके नाही. एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेली देणगी पूर्वी देणाऱ्या न्यासाचा पूर्ण खर्च म्हणून धरली जाई. २०२३ च्या वित्त कायद्याने ठरवले की त्यातली ८५ टक्केच रक्कम खर्च म्हणून मोजायची. आकडा लहान दिसतो. पण पैसा एका न्यासातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात असेल तर प्रत्येक पायरीवर ही कात्री लागते. लहान गटापर्यंत पोहोचणारा पैसा नेमका अशाच पायऱ्या उतरून येतो.

दुसरी गळती सत्तेची. ज्याचे खाते त्याची सही, आणि ज्याची सही त्याचा शब्द. गटाने ठरवले की या महिन्यात मोर्चा काढायचा. संस्थेचा हिशेबनीस म्हणाला की मंजूर अंदाजपत्रकात ‘प्रशिक्षण’ आहे, ‘मोर्चा’ नाही. आता मोर्चाचे नाव ‘क्षेत्रीय प्रशिक्षण’ होते. शब्द बदलला की हळूहळू कामही बदलते. अहवालात फोटो संस्थेच्या फलकाचा, पुरस्कार संस्थेच्या अध्यक्षांना, आणि पाच वर्षांनी गावातलेच पोर म्हणते, ‘ते तर त्या संस्थेचे काम.’ यात कुणाची लबाडी असतेच असे नाही. मातृसंस्थेलाही धास्ती असते. गटाने एखादे भडक पत्रक काढले तर नोटीस तिला येते. पावती हरवली तर लेखापरीक्षकाचा शेरा तिच्या ताळेबंदावर पडतो. एका प्रकल्पाच्या चुकीपायी तिच्या शाळा-दवाखान्यांची नोंदणी धोक्यात येऊ शकते. म्हणून ती सावध होते, आणि सावध पालक मुलांना घराबाहेर पाठवत नाही.

तिसरी गळती पैशाच्या रंगाची. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरची कागद गिरणी आहे, महाऔष्णिक वीज केंद्र आहे. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखाणीने नवा अध्याय सुरू केला. म्हणजे सामाजिक दायित्वाचा निधी दाराशी आहे. पण ज्या गटाचे काम खाणीसाठी ग्रामसभेची संमती घेतली का, विस्थापितांना मोबदला मिळाला का, नदीचे पाणी कुणी बिघडवले, असे प्रश्न विचारण्याचे आहे, त्याने तो निधी कसा घ्यावा? आणि कंपनीने तरी का द्यावा? शाळेचे बाक, आरोग्य शिबिर, शिलाई यंत्र यांना निधी मिळतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला आणि न्यायालयातल्या फेऱ्यांना मिळत नाही. न्यायाच्या कामाला म्हणूनच निवडक, स्वतंत्र, बहुधा लहान देणगीदार लागतात. आणि लहान देणग्या गोळा करायला पुन्हा पावतीपुस्तक लागते. फिरून गाडी तिथेच येते : पावतीपुस्तक कोणाच्या नावाचे?

या गळतीला कंटाळून ‘पैसाच नको’ म्हणणारी एक परंपरा विदर्भाला जवळची आहे. तिचे केंद्र चंद्रपूरच्या शेजारच्या जिल्ह्यात, पवनारला. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीच्या समित्या गांधी स्मारक निधीच्या मदतीवर चालत. ऐन भरात, १९५६ च्या अखेरीस, पळणी इथे विनोबांच्या प्रेरणेने निर्णय झाला : ही मदत बंद करायची आणि समित्याही विसर्जित करायच्या. ‘निधिमुक्ती’ आणि ‘तंत्रमुक्ती’ हे शब्द तेव्हाचे. कार्यकर्त्याने केंद्राच्या निधीवर नव्हे, लोकांच्या आधारावर जगावे, हा त्यामागचा विचार. गांधीजींनीही आत्मकथेत सार्वजनिक संस्थांनी कायम निधीच्या व्याजावर जगू नये, वर्षाला लोकांकडून मागावे आणि वर्षाला लोकांची परीक्षा द्यावी, असाच अनुभव नोंदवला आहे. विचार तेजस्वी होता. परिणाम? पुष्कळ ठिकाणी समित्या गेल्या, त्यांच्या जागी लोकाधार उभा राहिला नाही, आणि दान मिळालेल्या जमिनींच्या वाटपाचे किचकट काम करायला माणसे उरली नाहीत. निधीतून मुक्ती मिळाली. हिशेबातून मुक्ती नसते. जमिनीच्या कामाला वही लागते, नकाशा लागतो, तारीख लागते.

आता चौथा भाग : जंगलातल्या गावांची वाट.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. लेखा या शेजारच्या गावाच्या नावाने ते मेंढा-लेखा म्हणून ओळखले जाते. १९८० च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवरच्या नियोजित धरणांविरुद्ध या भागात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्या जागृतीतून गावात देवाजी तोफा यांच्यासारखे नेतृत्व पुढे आले आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल गावाचे सहयोगी झाले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. तिच्याइतकीच महत्त्वाची, पण कमी गाजलेली, एक कामाची पद्धत आहे. गावात दोन मंडळे ठेवली गेली : अभ्यासगट आणि ग्रामसभा. अभ्यासगटात बाहेरचा माणूस येऊ शकतो, माहिती देऊ शकतो, कायदा समजावू शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेत, गावकऱ्यांचा, सर्वसहमतीने. तिथे बाहेरच्याला मत नाही. आर्थिक पालकत्वाच्या सगळ्या चर्चेत इतकी साधी आणि इतकी पक्की रेघ क्वचितच कुणी आखली असेल. जाणकाराने ज्ञान द्यावे, सही मागू नये.

पैशाच्या बाबतीत मेंढ्याने तीच रेघ पुढे नेली. गावाने स्वतःचा ग्रामकोश उभारला. मजुरीतला दहावा हिस्सा त्यात टाकण्याचा रिवाज पाडला. बाहेरचा निधी घ्यायला कायदेशीर अंग हवे, तेव्हा ‘गाव नियोजन व विकास परिषद’ नोंदवली आणि गावातल्या प्रत्येक प्रौढाला तिचे सभासद केले. म्हणजे संस्था गावाची पालक झाली नाही. गावच संस्था झाले. हे कसब बारीक आहे. नोंदणीची अट पाळली गेली, आणि नोंदणीमुळे सात विश्वस्तांच्या हाती जाणारी सत्ता सगळ्या गावात वाटली गेली.

पुढे कायदा गावाच्या जवळ आला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले आणि त्यांत ग्रामसभा कोषाची तरतूद आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे व्यवस्थापन दिले. २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा ही देशात असा हक्क मिळालेली पहिली गावे ठरली. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. तो तिढा २७ एप्रिल २०११ रोजी सुटला : तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली केले. त्यानंतर बांबूविक्रीतून आलेले उत्पन्न कोटीच्या घरात गेले. ग्रामसभेने स्वतःच्या नावाने पॅन काढला. २०१३ मध्ये गाव १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामदानी म्हणून जाहीर झाले.

इथे थोडे थांबावे. सुरुवातीच्या साखळीत काय होते? नोंदणी नाही म्हणून पॅन नाही, पॅन नाही म्हणून खाते नाही. मेंढ्यात ती साखळी उलटी फिरली. ग्रामसभेला धर्मादाय कार्यालयाची नोंदणी लागली नाही, कारण तिचा जन्म कायद्यातूनच आहे. तिला तीन वर्षे थांबावे लागले नाही. तिला कुणाच्या छताखाली जावे लागले नाही. आणि पैसा देणगीचा नव्हता, आपल्या जंगलाच्या मालाचा होता. देणगीचा जाब देणगीदाराला द्यावा लागतो. बांबूच्या पैशाचा जाब शेजारणीला द्यावा लागतो. दुसरा जाब जास्त कडक असतो.

हा प्रयोग एका गावापुरता राहिला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबूची विक्री स्वतः हाती घेतली आणि जंगलाचा काही भाग देवराईसारखा राखून ठेवला. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. तेंदूपत्त्याचा लिलाव कित्येक ग्रामसभा एकत्र येऊन करतात. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा बनवली. तिथे प्रत्येक गावाचे प्रतिनिधी स्त्री-पुरुष सारख्या संख्येने जातात आणि खर्च ग्रामसभांच्या वर्गणीतून चालतो. कुरखेड्याच्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’सारख्या संस्था या कामात सहयोगी राहिल्या. महाग्रामसभा म्हणजे काय? लहानांनी मिळून बांधलेले छत. मोठ्याने लहानाला दिलेले नव्हे.

मग मातृसंस्थेचे काम संपले का? तसे समजणे घाईचे होईल. ग्रामसभेच्या खात्यालाही अडचणी आहेत. तेंदूचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी कोसळतो; ठेकेदार पैसे थकवतो आणि वसुलीसाठी वकील लागतो. तेंदूच्या विक्रीला प्राप्तिकर कायद्यात करवसुलीची स्वतंत्र तरतूद आहे, तिचे विवरण भरावे लागते. अध्यक्ष-सचिव बदलले की बँकेतल्या सह्या बदलाव्या लागतात आणि बँकेच्या व्यवस्थापकाला ‘ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे’ हे दरवेळी नव्याने समजावावे लागते. त्यापेक्षा मोठी मर्यादा अशी की ग्रामसभा एका गावाची असते. अनेक गावांतून आलेल्या मजूर बाया, खाणीने उठवलेली कुटुंबे, जंगल नसलेल्या गावातले भूमिहीन, जातपंचायतीने वाळीत टाकलेले जोडपे, हिंसेत माणूस गमावलेली दोन्ही बाजूंची घरे, यांची ग्रामसभा कोणती? कधी कधी तर त्यांची तक्रारच गावाविरुद्ध असते. त्यांच्यासाठी उसने छत लागतेच, आणि लागत राहील.

म्हणून प्रश्न छत हवे की नको असा नसून, ते कोणत्या कराराने घ्यावे असा आहे. आतापर्यंतच्या अनुभवातून त्या कराराची कलमे आपोआप निघतात.

पहिले कलम : करार लेखी असावा आणि गटाच्या भाषेत असावा, गोंडी-माडिया बोलणाऱ्यांना तो वाचून, समजावून सांगितलेला असावा. दुसरे : मोबदल्याची टक्केवारी आणि तिच्या बदल्यात मिळणारी कामे नावानिशी लिहिलेली असावीत, ‘प्रशासकीय खर्च’ या दोन शब्दांत सगळे कोंबू नये. तिसरे : निधीचा हिशेब दर तीन महिन्यांनी गटापुढे वाचला जावा, कारण देणाऱ्याला पाठवलेला अहवाल आणि काम करणाऱ्यांना सांगितलेला हिशेब एकच असला पाहिजे. चौथे : कामाचा निर्णय गटाचा आणि कायद्याची मर्यादा सांगण्याचा अधिकार संस्थेचा. संस्थेने ‘हे कायद्यात बसत नाही’ म्हणावे. ‘हे आम्हाला रुचत नाही’ हे कलम करारात नसावे. पाचवे : नाव, छायाचित्रे, माहिती आणि श्रेय गटाचे. सहावे : कोणता पैसा घ्यायचा नाही, हे आधी ठरवावे, खाणीचा, दारूचा, पक्षाचा, ज्याला जो नको तो. सातवे : गटातल्या दोघांना, त्यांतली एक बाई, संस्थेने हिशेब लिहायला शिकवावे आणि ठरलेल्या मुदतीत वही त्यांच्या हाती द्यावी.

आणि आठवे कलम बाहेर पडण्याचे. गटाची स्वतःची नोंदणी झाली, किंवा ग्रामसभेने खाते उघडले, किंवा काम संपले, तर उरलेला पैसा, सामान आणि कागद कुणाकडे, किती दिवसांत, कोणत्या कायदेशीर मार्गाने जातील? परकीय निधीतून घेतलेली वस्तू हस्तांतरित करता येत नसेल, तर ते पहिल्या दिवशीच सांगितलेले असावे. बहुतेक करारांत हे कलम नसते, कारण सुरुवातीला निरोपाची भाषा कुणाला नको असते. पण पालकत्वाची परीक्षा याच कलमावर होते. जंगल कामगार संस्थांचा धडाही हाच : जिथे वही पुरस्कर्त्याच्या कपाटात राहते, तिथे हे कलम नसते. मेंढ्याच्या अभ्यासगटाला त्याची गरजच पडली नाही, कारण वही पहिल्यापासून गावाकडे होती.